दुसऱ्या संघाचा डाव

मी आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. तरीही बारा-तेरा वर्षं म्हैसुरात बसून मी अमेरिकेतल्या लोकांना त्या खेळाच्या ओव्हरटाइमचे नियम समजावून सांगत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते पटवूनही देत होते. हे ऐकून आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, मग हेच लिहा. माझं मराठी म्हैसूरचं. त्यात कन्नड कुठे शिरतं ते आम्हाला घरात कळत नाही. ते वेचून काढायचं संपादकांनी कबूल केलं आहे, तेव्हा राहिलं असेल तर दोष त्यांचा.

त्याआधी मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे, हे काम. ट्रंक कॉल संपले तशी आमचीही गरज संपली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी घरी बसले. लग्न केलं नव्हतं. अप्पा, माझे वडील, होते तोवर त्यांचं शिलाईचं मशीन आणि त्यांचा खोकला अशी दोन आवाजांची सोबत होती. अप्पा गेले, धाकटा भाऊ दत्ताण्णा कृष्णराजनगरला दुकान काढून तिकडचाच झाला, आणि जयलक्ष्मीपुरमच्या दोन खोल्यांत मी आणि रेडिओ उरलो. वर्षभर तसं काढलं. मग एक दिवस पेपरात जाहिरात पाहिली की एका अमेरिकन टीव्ही सेवेच्या मदत-केंद्राला इंग्रजी बोलणारी माणसं हवी आहेत. मुलाखतीला माझ्या आजूबाजूला पंचविशीतली पोरं. मला घेतलं ते आवाजामुळे. वीस वर्षं ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हणून म्हणून आवाज घासून गुळगुळीत झाला होता.

तिथे माझं नाव नॅन्सी ठेवलं. नलिनी म्हणायला त्यांना जड जातं म्हणे. आपण कुठून बोलतो ते सांगायचं नाही, घरची चौकशी करायची नाही, त्यांनी केली तर उत्तर द्यायचं नाही, आणि शेवटी एकच वाक्य: ‘आणखी काही मदत करू शकते का?’ हे वाक्य मी दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणत असे. एकदा भाजीवाल्यालाही म्हटलं.

आता कामाचं सांगते. लोकांच्या घरी टीव्हीला जोडलेली एक पेटी असते. ती कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करून ठेवते. पण पेटी आज्ञाधारक. सामना साडेतीन तासांचा असं वेळापत्रकात लिहिलेलं असेल, तर साडेतीन तास झाले की ती रेकॉर्डिंग बंद करते, मग मैदानात काहीही चालू असो. सामना बरोबरीत सुटून ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळेचा खेळ, सुरू झाला की तो नेमका पेटीबाहेर पडायचा. माणूस घरी येऊन तीन तास जीव मुठीत धरून बघणार, शेवटची दहा सेकंदं उरली असताना गुण समान, आणि पडदा काळा. मग तो आम्हाला फोन करणार. त्यांची रविवारची रात्र म्हणजे आमची सोमवारची सकाळ. जानेवारीत, बाद फेरीच्या दिवसांत, सोमवारी सकाळी चहा प्यायलासुद्धा उसंत नसे.

आमचं काम खरं म्हणजे पेटीला एक तास वाढवून कसा द्यायचा एवढंच सांगायचं. पण पडदा काळा झालेल्या माणसाला पुढच्या वेळचा उपाय नको असतो. तो विचारतो, जिंकलं कोण? ते सांगितलं की विचारतो, का? आणि इथे नियम आडवा येतो.

जुना नियम असा होता. ओव्हरटाइमला नाणेफेक व्हायची. जिंकलेला संघ बहुधा चेंडू आपल्याकडे घ्यायचा. त्याने चेंडू पार पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, म्हणजे टचडाउन केलं, की सामना तिथेच खलास. दुसऱ्या संघाच्या हातात चेंडू आलाच नाही तरी खलास. पहिल्याला तेवढं जमलं नाही आणि लाथेने खांबांमधून चेंडू मारून त्याने तीन गुणच घेतले, तर मात्र दुसऱ्याला संधी. साखळी सामना असेल तर ठरलेली मिनिटं संपल्यावर बरोबरी मान्य. बाद फेरीत बरोबरी चालत नाही. निकाल लागेपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटं खेळत राहायचं.

मी शाळेत खो-खो खेळलेली बाई. खो-खोत एक संघ पाठलाग करतो, दुसरा पळतो, मग उलट. नाणेफेक जिंकली म्हणून एकच डाव खेळून कुणी घरी जात नाही. प्रशिक्षणात हा नियम ऐकला तेव्हा मी हात वर करून विचारलं, दुसऱ्याला डावच नाही? आमचे टीम लीडर नागराज हसून म्हणाले, “मेडम, नियम आपण केला नाही. आपण फक्त सांगायचा.” मग मी तो सांगायला शिकले. मनाला पटत नव्हतं, म्हणून तोंडाला पक्का करून घेतला. ‘पहिलं टचडाउन, सामना संपला.’ पुढे नव्या मुलांना मीच शिकवू लागले, आणि कुणी हात वर केला की नागराजांचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकत असे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाई नवरा अंघोळीला गेला की फोन करून निकाल विचारून घ्यायच्या आणि मग त्याच्याशेजारी बसून भविष्य सांगायच्या. नवऱ्याला वाटायचं बायकोला खेळातलं फार कळतं. एका गृहस्थांची खात्री होती की त्यांचं रेकॉर्डिंग मीच मुद्दाम थांबवलं, कारण माझा जीव दुसऱ्या संघावर. मी कोणत्या गावची ते सांगायला मनाई नसती तर त्यांचा संशय फिटला असता. एक जण नुसता रडला. मोठा माणूस, आवाज ट्रकवाल्यासारखा. त्याला मी पेटीची सगळी बटणं सावकाश समजावून सांगितली, तोवर त्याचं रडून झालं.

आणि हॅरल्ड.

हॅरल्ड शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची बायको रूथ हिची स्मृती गेली होती, आणि ती एका शुश्रूषागृहात राहायची. रविवारी संध्याकाळी ते तिला जेवू घालायला जात, म्हणून त्यांच्या संघाचा सामना पेटीत ठेवायचा आणि घरी परत आल्यावर बघायचा. चाळीस वर्षं दोघांनी त्या संघाचा एक सामना चुकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ते पुन्हा तिच्याकडे जात. ती नवऱ्याला कधी ओळखायची, कधी नाही. पण एक प्रश्न तिच्या तोंडात टिकून होता: आपण जिंकलो का? त्याचं उत्तर घेऊन जायचं, एवढं त्यांचं सोमवारचं काम.

पहिल्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी सवयीने निकाल सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. म्हणाले, कोण जिंकलं ते सांगू नका, नाणेफेकीपासून सांगा. आमच्या दुसऱ्या पडद्यावर सामन्याचा लेखी तपशील असायचा, एका ओळीत एक चाल. कुणी चेंडू फेकला, कुणी झेलला, किती यार्ड पुढे गेला. एका संघाचा डाव संपला की पान संपायचं. पुढच्या पानासाठी बटण दाबायचं. मी ओळ ओळ वाचू लागले. पलीकडे ते श्वास धरून ऐकत. तेरा मिनिटं लागली. नागराजांनी घड्याळ दाखवलं, मी मान फिरवली.

त्यानंतर त्यांच्या संघाचा ओव्हरटाइम झाला की ते फोन करून मलाच मागायचे. तसे चार-पाचच प्रसंग आले असतील त्या सगळ्या वर्षांत. पण त्यासाठी मी माझी एक रीत ठरवली होती. पुढचं पान मी आधी बघत नसे. निकाल माहीत असला की आवाजात येतो. हे मला ट्रंक कॉलच्या दिवसांपासून माहीत. कुणाच्या घरी वाईट बातमी जोडून देताना नुसतं ‘बोला’ म्हटलं तरी पलीकडचा माणूस विचारायचा, काय झालं? म्हणून हॅरल्डना वाचून दाखवताना मलाही पुढचं ठाऊक नसायचं. दोघं बरोबरच पुढे जायचो. आपला चेंडू, आपली चाल, असं ते म्हणायचे, आणि त्या ‘आपल्या’त मी होते. खोटं कशाला सांगू, तेवढ्यासाठी मी त्या फोनची वाट बघायचे. एरवी दुसरं कुणी मला ‘आपल्या’त धरत नव्हतं.

मग नियम बदलला. अमेरिकेत फार ओरड झाली होती म्हणे, की इतक्या मोठ्या सामन्यात एका संघाला चेंडूच मिळत नाही. ठरलं की बाद फेरीत पहिल्याने टचडाउन केलं तरी दुसऱ्याला एक डाव द्यायचा. दोघांचे डाव होऊनही बरोबरी राहिली, तर मग जो आधी गुण घेईल तो जिंकला. एखाद-दुसरा अपवाद आहे, तो सोडून देते. म्हणजे माझा खो-खोचा न्याय शेवटी त्यांनाही पटला. आम्हाला पत्रक आलं, ‘वाचले’ अशी खूण मी केली, मनातून खूशही झाले. पण साखळी सामन्यांना तेव्हा जुनाच नियम राहिला. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी रोज जुनाच नियम सांगत राहिले.

त्या वर्षी संक्रांत सोमवारी आली. आमच्या म्हैसुरात तिळगुळाचे लाडू कमी, एळ्ळु-बेल्ल जास्त: तीळ, गूळ, खोबरं, दाणे, डाळं बारीक करून एकत्र. देताना म्हणायचं, एळ्ळु बेल्ल तिन्नु, ओळ्ळे मात आडु. म्हणजे आपलंच, तिळगूळ घे, गोड बोल. दत्ताण्णाने आदल्या दिवशी फोन करून विचारलं, येतेस का. बाद फेरीत रजा मिळत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, “साऱ्या अमेरिकेशी बोलतीस, अक्का. आमच्याशी दोन शब्द बोलायला तुला सणालाही होत नाही. असू दे, परवागिल्ला.” हरकत नाही म्हणाला, पण हरकत होती. मी फोन ठेवला आणि एकटीसाठी किलोभर खोबरं कातरत बसले.

सकाळी देवाचं करून, दोन तास उशिराची परवानगी घेऊन मी साडेआठला कामावर पोचले. हेडफोन लावते न लावते तोच नागराज म्हणाले, “तुमचे हॅरल्ड थांबलेत.” रात्री काय झालं ते सगळ्या खोलीला माहीत होतं, मला नव्हतं. माझी रीत ठाऊक असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

बाद फेरीचा सामना, गुण समान, पडदा काळा. हॅरल्डचा आवाज थकलेला होता. रूथ आठवडाभर नीट जेवली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र तिने दोनदा विचारलं होतं, आपण जिंकलो का? सामना अजून चालू आहे, उद्या सांगतो, असं सांगून ते आले होते. “उद्या काय सांगायचं ते मला द्या, मिस नॅन्सी,” ते म्हणाले.

मी वाचायला सुरुवात केली. नाणेफेक दुसऱ्यांनी जिंकली. चेंडू त्यांच्याकडे. सात यार्ड, बारा यार्ड, एक चाल वाया, मग एक लांब फेक. पानाची शेवटची ओळ: टचडाउन, आणि वर लाथेचा एक गुण. सातने मागे.

मी म्हटलं, “संपलं, सर. मला वाईट वाटतं.”

मग त्यांनी विचारलं, “आपल्याला चेंडू मिळणार नाही?”

“नाही सर. पहिलं टचडाउन, सामना संपला. नियम आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “तुम्ही छान सांगितलंत.” आणि मी विचारलं, आणखी काही मदत करू शकते का? नको म्हणाले आणि फोन ठेवला.

सामना संपलेला असला की पानाच्या तळाशी ‘समाप्त’ असा शब्द असायचा. त्या पानावर तो नव्हता. मी पाहिलंच नाही. हात एळ्ळु-बेल्लच्या डब्याकडे गेला होता.

डबा घेऊन नागराजांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकून विचारलं, हॅरल्ड नाचले असतील ना आज? मी म्हटलं, का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं चावणं थांबलं. मी पळत जागेवर येऊन बटण दाबलं. दुसरं पान होतं. अकरा ओळी. हॅरल्डचा संघ जिंकला होता.

मी नागराजांना म्हटलं, नंबर द्या, मी फोन करते. आमच्याकडून बाहेर फोन जातच नसे. गिऱ्हाइकाचा नंबर आम्हाला फुल्या-फुल्यांचा दिसायचा. तो नागराजांनाही दिसत नव्हता. ते म्हणाले, “बिडि मेडम, सोडा, सकाळच्या पेपरात वाचतील.” मी म्हटलं, पेपर वाचायच्या आधी ते नाश्त्याला जातात. माझा आवाज चढला होता. त्या खोलीत माझा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. शेवटी नागराजांनी त्यांच्या अधिकारात होतं तेवढं केलं, हॅरल्डच्या खात्यावर निरोप पाठवला. निरोपातले शब्द ठरलेले असायचे, बदलता येत नसत. हॅरल्डना निरोप गेला: ‘आपल्या अडचणीचे निवारण झाले आहे. आपला दिवस चांगला जावो.’

घरी येऊन मी काय केलं ते सांगते. आत कागद-पेन न्यायला बंदी होती, म्हणून शिफ्ट संपायच्या आधी ते दुसरं पान मी पाठ केलं. घरी येऊन अप्पांच्या मापाच्या वहीत, कोऱ्या राहिलेल्या पानावर, अकराच्या अकरा ओळी उतरवून काढल्या. त्यांचा फोन आला की सांगायच्या. डबा तसाच पडून होता. शेजारी कुणाला द्यावा असंही वाटलं नाही.

फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा संघ वेळेतच हरला, त्यात मला विचारण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारी गेला, उन्हाळा गेला. रागावले असतील, असं मी समजले. ज्या बाईवर त्यांनी विश्वास टाकला तिने त्यांना खोटी बातमी देऊन बायकोकडे पाठवलं होतं. आणि वर, विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं. मला राहून राहून तेच लागायचं. सगळ्या जन्मात मला जे न्यायाचं वाटत होतं, तेच त्यांनी विचारलं होतं, आणि मी तोंडातल्या सवयीने त्यांना गप्प केलं.

ऑगस्टमध्ये, माझी निवृत्ती महिन्यावर आली असताना, आमच्यातल्या एका मुलीने कॉल माझ्याकडे वळवला. गिऱ्हाइकाला सेवा बंद करायची आहे, म्हणाली, पण आधी मिस नॅन्सी हवी आहे.

रूथ एप्रिलमध्ये गेली होती. हॅरल्ड घर विकून मुलीकडे राहायला निघाले होते, पेटी परत करायची होती. मी सांत्वनाचं बोलले. ते कंपनीने पढवलेलं नव्हतं. मग म्हटलं, सर, संक्रांतीच्या... जानेवारीच्या त्या सामन्यात माझी चूक झाली.

“हो,” ते म्हणाले. “मी सकाळी जाऊन तिला सांगितलं, हरलो. ती म्हणाली, पुढच्या वर्षी. बाहेर आलो तर पहारेकरी उड्या मारतोय. पुन्हा आत जाऊन सांगितलं, जिंकलो. हरलेलं तोवर ती विसरली होती. तिला फक्त जिंकलेलं मिळालं. दोन्ही मिळालं ते मला.”

ते म्हणाले, “पण मी तो डाव अजून पाहिलेला नाही. म्हटलं, तुम्ही अर्धा ओव्हरटाइम सांगितलाय, उरलेला तुमच्याकडूनच ऐकू. मग ती गेली आणि राहून गेलं.”

पडद्यावर जानेवारीचा तपशील आता नव्हता. मी डोळे मिटले आणि पाठ होतं ते सांगू लागले. पहिली चाल चार यार्ड. दुसरी वाया. तिसरी, पाच. दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात, आणि चौथ्याला एक यार्ड उरला होता. “दीड मिळाला, सर.” पलीकडे श्वास सुटलेला ऐकू आला. अशी मी दहाव्या ओळीपर्यंत आले: टचडाउन, सहा गुण, अजून एकने मागे. आता लाथ मारून एक गुण घेतला तर बरोबरी. नाही तर जवळून आणखी एक चाल खेळायची, साधली तर दोन गुण आणि विजय, फसली तर सगळं गेलं.

“थांबा,” ते म्हणाले. निकाल त्यांना सात महिन्यांपासून माहीत होता. तरी थांबले. मीही थांबले. मग म्हणाले, “आता सांगा.”

मी सांगितलं. घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती. नागराज दुरून बघत होते, पण त्यांनी घड्याळ दाखवलं नाही.

मग हॅरल्डनी विचारलं, “आणि तुम्ही, मिस नॅन्सी? तुमच्या घरी कोण आहे?”

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. माझं खरं नाव, माझं गाव, अप्पांची वही, सगळं ओठांशी आलं. महिनाभरात मी घरी बसणार होते; कंपनी माझं काय वाकडं करणार होती? आणि मी म्हटलं, “आणखी काही मदत करू शकते का, सर?”

ते किंचित हसले असावेत. नको म्हणाले, आभार मानले, फोन ठेवला.

निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. दत्ताण्णाकडे संक्रांतीला जाते. चार दिवस बरे जातात, मग परत येते. नंतर ऐकलं की साखळी सामन्यांनाही त्यांनी दुसऱ्याला डाव द्यायला सुरुवात केली आहे. सोमवारी साडेआठला मी चहा घेऊन खिडकीत बसते. त्या वेळी अजूनही हॅरल्डचा तो प्रश्न येतो, आणि आता मला उत्तर येतं. घरी कुणी नाही, सर. मी एकटीच आहे. माझं नाव नलिनी. तुम्हाला अजून थोडा वेळ आहे का?